किनवटचा रुग्ण, पडद्यावरचा डॉक्टर

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या रस्त्यांवर गुणवंतांचे फलक झळकतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात जा, या दोन शहरांत तयारी करून आलेली मुले भेटतातच. पण याच दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बालरोगतज्ज्ञ विचारा, स्त्रीरोगतज्ज्ञ विचारा, भूलतज्ज्ञ विचारा; बऱ्याचदा उत्तर येते, “नांदेडला न्या”, नाही तर “लातूरला न्या”. डॉक्टर घडवणाऱ्या मुलखाला डॉक्टर आपल्या तालुक्यात टिकवता आलेले नाहीत. देशाची अवस्थाही वेगळी नाही. ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना जितके तज्ज्ञ हवेत, त्यातले सुमारे ८० टक्के मिळालेलेच नाहीत, हे केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीत नोंदलेले आहे.

या रिकाम्या खुर्च्यांवर उपाय म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षे एक शब्द सतत पुढे येतो: टेलिमेडिसिन. माणूस हलवायचा नाही, माहिती हलवायची. रुग्ण गावातच राहील, त्याचा चेहरा, आवाज, ईसीजी, एक्स-रे आणि रक्ताचा अहवाल तज्ज्ञापर्यंत जाईल आणि तज्ज्ञाचा सल्ला परत येईल. कल्पना चांगली आहे आणि तिची गरज कुठे आहे ते नकाशा पाहिला की कळते. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार. लातुरात १० तालुके आणि २४ लाख ५४ हजार लोक. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यातून, जिथे गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्ती आहे, नांदेड गाठायचे तर शंभरावर किलोमीटर जावे लागते. त्यात पावसाळ्यातला ओढा, रात्रीची वेळ, जीपचे भाडे आणि सोबत येणाऱ्या दोन माणसांची बुडालेली मजुरी धरा. पुष्कळ आजार याच हिशेबापायी अंगावर काढले जातात.

लातूरकरांसाठी टेलिमेडिसिन ही काल-परवाची गोष्ट नाही. इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे वैद्यकीय सल्ल्याचे प्रयोग सुरू केले. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने इस्रोच्या मदतीने मुंबईचे केईएम रुग्णालय जिल्ह्यांशी जोडायला घेतले, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार, बीड, सातारा आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर लातूर होते. छतावर तबकडी, खाली एका खोलीत कॅमेरा, मोठा पडदा आणि ठरलेल्या वेळी परळहून बोलणारे डॉक्टर. असा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत किमान अर्धा सेकंद जातो. त्याने काही बिघडत नाही. खरी अडचण होती ती वेगळी. रुग्णाने आधी जिल्हा गाठायचा आणि मग पडद्यासमोर बसायचे. लातूर-मुंबई प्रवास वाचला, पण देवणी-लातूर, जळकोट-लातूर प्रवास तसाच राहिला. आणि गरिबाचा इलाज अडतो तो नेमका या पहिल्या टप्प्यात.

ती उणीव भरून काढायचा प्रयत्न आता ‘ई-संजीवनी’ने चालवला आहे. मोहालीच्या सी-डॅकने तयार केलेली ही केंद्र सरकारची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉक्टर ते डॉक्टर अशी सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, रुग्णाला घरातून थेट डॉक्टरशी बोलायची सोय तिला जोडली गेली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात तिच्यावरून १० कोटी सल्ले दिले गेले. गावातल्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ बसतात. आपल्याकडे यातले बरेचसे बीएएमएस झालेले तरुण-तरुणी आहेत. ते रुग्णाला तपासतात, बीपी-शुगर मोजतात, टॅबवरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला जोडतात आणि आलेली औषधचिठ्ठी हातात देतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सीएचओ आणि त्याच्या शेजारची एएनएम सिस्टर. पडद्यावरचा डॉक्टर पोट दाबून बघू शकत नाही. पायावरची सूज बोट रुतवून पाहू शकत नाही, तोंडाचा वास घेऊ शकत नाही, लेकराची टाळू बसली आहे का हे चाचपू शकत नाही. त्याच्यासाठी हे सगळे दुसऱ्याच कुणाला तरी करावे लागते. ते हात शिकलेले असतील तर पलीकडच्या तज्ज्ञाचे ज्ञान रुग्णापर्यंत पोचते, नसतील तर टॅब कितीही चांगला असो, दोन माणसे एकमेकांचा चेहरा पाहत बसतात.

त्यातही सगळ्या आजारांना दूरचा सल्ला सारखा लागू पडत नाही. रक्तदाब-मधुमेहाचा जुना रुग्ण, त्वचेचे आजार, क्षयाच्या औषधांचा पाठपुरावा, मानसिक आजारात पुन्हा पुन्हा लागणारे बोलणे, यांत तो छान चालतो. किंबहुना ज्या रुग्णाला दर महिन्याला केवळ गोळ्यांचा डोस ठरवायला साठ-सत्तर किलोमीटर यावे लागते, त्याला न बोलावणे हाच उपचाराचा भाग आहे. शिवाय दोन्हीकडची माणसे एकाच वेळी समोर असण्याचीही प्रत्येक वेळी गरज नसते. ईसीजीचा कागद, छातीचा एक्स-रे, चट्ट्याचा फोटो पाठवून ठेवायचा आणि तज्ज्ञाने सवडीने किंवा तातडीने पाहून कळवायचे, ही पद्धत व्हिडिओइतकी उठून दिसत नाही, पण मराठवाड्याला तीच अधिक मानवते. ईसीजीची फाईल लहान असते, रेंज एक-दोन काड्यांवर असली तरी जाते. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी पाहून पलीकडून हृदयरोगतज्ज्ञाने “हा झटकाच आहे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्या” असे दहा मिनिटांत सांगितले, तर हृदयाचा जो स्नायू वाटेत मेला असता तो वाचतो.

एक आजार मात्र मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण टेलिमेडिसिनची ताकद आणि मर्यादा त्यात एकत्र दिसतात. सर्पदंश. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक मृत्यू खेड्यातले आणि पावसाळ्यातले. नांदेड-लातूरच्या सोयाबीन, तूर आणि कापसाच्या रानात हे कुणाला नवे नाही. विषारी सापांत चार महत्त्वाचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायची चाचणी अगदी साधी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिले तर विष अंगात भिनले आहे. नळी प्लॅस्टिकची असेल तर चाचणी फसते, इतकी बारीक गोष्ट इथे जीवन-मरणाची ठरते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दाताची खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, पुढे श्वास थांबतो. पोटदुखी म्हणून सलाईन लावून ठेवलेला असा रुग्ण हातचा जातो.

आता प्राथमिक आरोग्य केंद्रातला, नुकतीच इंटर्नशिप संपवून आलेला तरुण डॉक्टर डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे दोन वाजलेत. कपाटात प्रतिविषाच्या कुप्या आहेत. पूड स्वरूपातल्या कुपीला फ्रिजही लागत नाही, म्हणजे वीज गेली तरी ती टिकते. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात हे त्याने पुस्तकात वाचले आहे. पण प्रतिविषाची काहींना जोरदार रिअ‍ॅक्शन येते आणि त्याला भीती वाटते ती तिची. रिअ‍ॅक्शन येऊन रुग्ण टेबलावर गेला तर बाहेर उभे असलेले नातेवाईक काय करतील, हा विचार त्याच्या मनात येतोच. तो रुग्ण पुढे पाठवतो. दोन तासांचा रस्ता, आणि विष तर थांबत नाही. अशा वेळी फोनवर जाणता माणूस हवा: “पापणीचा व्हिडिओ पाठव. बरं. अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेव. आता दहा कुप्या सलाईनमधून सोड, मी लाईनवर आहे.” एवढ्या बोलण्याने मृत्यू टळू शकतो, कारण तिथे औषध होते, माणूस होता, उणीव फक्त धीराची होती. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारांत आयुष्य वेचले आहे. असा अनुभव मराठवाड्याच्या तालुक्यात उभा राहतो, तर तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फोनवर रात्री-अपरात्री का मिळू नये? केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि १५४०० या मदत क्रमांकाची सुरुवात पाच राज्यांत केली. त्या पाचांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याने ही सेवा आपल्या बळावर उभारायला हवी, त्यासाठी लागणारे जाणकार इथेच आहेत.

पण हेही लक्षात घ्या, की मण्यार चावलेल्याचा श्वास थांबला तर पडदा त्याला श्वास देऊ शकत नाही. तिथे अ‍ॅम्बू बॅग दाबणारा हात लागतो, पुढे व्हेंटिलेटर आणि तिथवर नेणारी गाडी लागते. फवारणीच्या विषबाधेतही तेच. अ‍ॅट्रोपीनचा डोस फोनवरून सांगता येतो, रात्रभर उशाशी बसून दर काही मिनिटांनी बाहुल्या आणि छाती तपासणारी सिस्टर फोनवरून पाठवता येत नाही.

नवजात बाळांच्या बाबतीत हा विषय आणखी जिव्हारी लागतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले, औषधांच्या टंचाईवर, रिक्त पदांवर बोलले गेले आणि ते बोलायलाच हवे होते. रुग्णालयाच्या बाजूने तेव्हा सांगितले गेले, की दूरदूरच्या भागांतून रुग्ण इथे येतात आणि पुष्कळदा अगदी अखेरच्या अवस्थेत येतात. हे म्हणणे कुणाची जबाबदारी हलकी करत नाही. मात्र मोठ्या रुग्णालयात काय घडते याचा मोठा भाग आधीच्या शंभर किलोमीटरमध्ये ठरतो, एवढे त्यातून दिसते. दीड किलोचे बाळ उघडे, गार पडलेले, साखर उतरलेल्या अवस्थेत पोचले तर नंतर कुणाचाच फारसा इलाज चालत नाही. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाने फोनवरून एवढेच सांगायचे, की बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधा, साखर तपासा, ऑक्सिजन असा लावा, आणि कोणत्या रुग्णालयात वॉर्मर रिकामा आहे ते आम्ही पाहतो, तिकडेच न्या. माझ्या मते जिल्हा पातळीवर टेलिमेडिसिनचा सर्वांत तातडीचा उपयोग हाच आहे: रुग्ण पुढे पाठवण्यापूर्वी आणि पाठवताना. बाह्यरुग्ण विभागातली सर्दी-खोकल्याची गर्दी पडद्यावर हलवण्यापेक्षा यात जीव जास्त वाचतील. डॉक्टरसह धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहेत. त्यांना बालरोगतज्ज्ञाशी आणि रिकाम्या खाटांच्या माहितीशी जोडणे यात अशक्य काही नाही.

आता अडचणी. रेंजची अडचण सगळे सांगतात, मी तिच्यावर थोडक्यात बोलतो: किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात आणि बालाघाटाच्या खोलगट वाड्यांत ती आहे, वीजही जाते, आणि तिच्यावर बॅटरी, इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असे उपाय आहेत. पैसे खर्चले की सुटते. फोन कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. घरातला स्मार्टफोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. अंगावरून पांढरे जाते, मूल राहत नाही, नवरा मारतो, या गोष्टी सून सासूसमोर, नवऱ्याच्या फोनवर, परक्या डॉक्टरला कशा सांगणार? म्हणून घरबसल्या सल्ल्याचे कौतुक करताना उपकेंद्रातली दार लावता येणारी खोली विसरू नये. बाईसाठी टेलिमेडिसिनचा खरा अर्थ तिथे आहे, आशाताईच्या सोबतीने.

भाषेचे तसेच. देगलूर, धर्माबादकडे घरात तेलुगू बोलतात, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, तांड्यावर गोरबोली, किनवटात गोंडी आणि कोलामी, शहरांत उर्दू. मराठीतही “जीव घाबरा होतोय”, “पोटात डचमळतंय”, “अंगात कणकण आहे” याचा नेमका अर्थ मराठवाड्याच्या माणसाला सांगावा लागत नाही, दुसऱ्या राज्यात बसलेल्या डॉक्टरला लागतो. आणि जीव घाबरा होणे हे कधी नुसती भीती असते, कधी हृदयाचा झटका. सल्ला देणारी केंद्रे शक्यतो त्याच विभागातली असावीत, हा आग्रह मी त्यासाठी धरतो. नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांनी मराठवाड्याची उपकेंद्रे आपापसांत वाटून घेतली तर भाषा सांभाळली जाईल, आणि ज्याला सकाळी फोनवर पाहिले तोच रुग्ण दुपारी पाठवला तर ओळखीच्या डॉक्टरच्या हाती पडेल.

कायद्याची भीतीही बरीच वर्षे आड येत होती. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात, डॉक्टर शहराबाहेर असताना फोनवरून औषधे सांगितली गेली आणि प्रसूत स्त्रीचा मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि राज्यभरातले डॉक्टर फोनवर काही सांगायला कचरू लागले. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि चित्र स्पष्ट झाले. नोंदणीकृत डॉक्टरला दुरून सल्ला देता येतो. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधांसाठी पहिल्या वेळी व्हिडिओवर पाहणे आवश्यक आहे. काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच चालू ठेवता येतात. व्यसन लावणारी अमली औषधे दुरून देता येत नाहीत. आणि प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टरने तसे सांगून रुग्णाला बोलावले पाहिजे. वाचकांनी हे शेवटचे ध्यानात ठेवावे. “मला तुम्हाला समोर बघावे लागेल” असे म्हणणारा डॉक्टर काम टाळत नसतो, नियमाने आणि प्रामाणिकपणे वागत असतो.

औषधचिठ्ठी आली आणि उपकेंद्रात ती गोळीच नसली तर? मग सगळी मेहनत गावाबाहेरच्या मेडिकल दुकानापाशी येऊन थांबते आणि रुग्ण पुढच्या वेळी पडद्यासमोर बसत नाही. सल्ला आणि औषध एकाच छताखाली मिळाले पाहिजेत, नाही तर विश्वास उडतो. तितकाच घात करतो आकड्यांचा आग्रह. महिन्याला इतके सल्ले झालेच पाहिजेत असे वरून सांगितले, की खाली आकडा भरण्यासाठी सल्ले होऊ लागतात आणि ज्या रुग्णाला खरोखर तज्ज्ञाची गरज आहे तो रांगेत मागे पडतो. मोजायचे तर किती फेऱ्या वाचल्या, किती रुग्ण वेळेत पुढे गेले, किती जणांचा बीपी ताब्यात आला, हे मोजावे.

ही सेवा कुणाच्या मालकीची, हाही साधा प्रश्न नाही. रवांडा या आफ्रिकेतल्या लहान देशाने एका ब्रिटिश कंपनीच्या मोबाईल सेवेवर मोठी भिस्त ठेवली. वीस लाखांहून अधिक लोकांनी तिथे नोंदणी केली. २०२३ मध्ये कंपनी बुडाली आणि सेवा बंद पडली. ई-संजीवनी सरकारी आहे ही म्हणूनच मोठी जमेची बाजू. पण सरकारी असल्याने रुग्णाची माहिती आपोआप सुरक्षित होते असे नाही. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांची नोंद कुणाच्या टॅबवर राहते, कोण पाहते, याचा जाब २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली विचारता आला पाहिजे.

मन खचलेल्या माणसासाठी ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते. कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्याच्या घरात आणि लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत एकट्या राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या खोल्यांत हा क्रमांक लिहून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि गावकऱ्यांसाठी एक काम. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्या. आपल्या उपकेंद्रात ई-संजीवनी कोणत्या दिवशी, किती वाजता चालते? तिथे सांगितली जाणारी औषधे तिथेच मिळतात का, आणि मिळत नसतील तर कोणती मिळत नाहीत? प्राथमिक आरोग्य केंद्रात आज रोजी प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत आणि रात्री त्या देणारे कोण? वीज आणि रेंजची तक्रार नंतर करता येईल. ही तीन उत्तरे आधी मिळवा.